लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात शिरून ‘गेमिंग पीसी असेंबल करायचाय’ म्हटलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ प्रश्न रास्त आहे. दुकानदाराला कोटेशन तिथूनच सुरू करावं लागतं. पण घेणाऱ्यानं स्वतःचा हिशेबही तिथूनच सुरू केला, तर पैसे नको त्या भागावर जातात. साठ हजार सांगितले की साठ हजारांत बसणारी यादी हातात पडते, आणि त्या आठवड्यात दुकानात कोणता माल पडून आहे, यावरही ती यादी ठरते. म्हणून निघण्याआधी घरी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. खेळायचं काय, कोणत्या पडद्यावर, आणि कॉम्प्युटर राहणार कुठल्या खोलीत. बजेटचा आकडा चौथा. मोजक्या पैशांत चांगला कॉम्प्युटर जमवायचा तर पडद्याकडून प्रोसेसरकडे असं उलट चालत यावं लागतं. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांतून ही खरेदी बऱ्याचदा कुणाच्या तरी बोनसमधून किंवा पहिल्या पगारातून होते, आणि तिथे एक चुकीचा भाग दोन-तीन वर्षं निस्तरावा लागतो. म्हणून या क्रमाचा मी आग्रह धरतो.

हा बाजार आपल्या हाताशी आहे, ही मोठी सोय. मुंबई इलाख्याचा १९०३ ते १९०७ या काळातला गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन याचं नाव रस्त्याला पडलं. आजचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण खरेदीला निघालेला माणूस जुनंच नाव घेतो. आधीच्या पिढीला हा रस्ता थिएटरांचा म्हणून माहीत होता. एका टोकाला रॉयल ऑपेरा हाउस, पुढे नाझ आणि ‘शोले’ पाच वर्षं चालवणारं मिनर्व्हा. त्याच रस्त्यावर रेडिओचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणारी दुकानं होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानं आयात सैल झाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटरच्या बहुतेक भागांवरचं मूळ आयातशुल्क शून्यावर आलं. रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर विकणाऱ्या गाळ्यांत मदरबोर्ड आले ते याच काळात. गिरगावातून इथे पायी जाता येतं, दादरहून ग्रँट रोडला लोकल आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ पूर्ण धावू लागल्यापासून दादर आणि ग्रँट रोड ही दोन्ही स्थानकं तिच्यावरही आहेत. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवार गाठावा.

आता पडदा. ग्राफिक कार्डाचं काम पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला सेकंदात कितीतरी वेळा रंग देण्याचं. १०८० पी म्हणतात त्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. १४४० पीवर ३६ लाख ८६ हजार ४००. फोर-केवर ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे १०८० पीच्या बरोबर चौपट. पडदा बदलला की कार्डाचं काम या हिशेबात वाढतं, आणि कार्डाची किंमतही. कमी बजेटवाल्यानं २४ इंची, १०८० पीचा, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घ्यावा, हा माझा सरळ सल्ला. आपल्या खोल्यांत टेबल आणि डोळे यांत जेमतेम दोन-अडीच फुटांचं अंतर असतं. तेवढ्या अंतराला हा आकार पुरतो.

पडद्याचा दुसरा आकडा हर्ट्झचा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. १४४ हर्ट्झवर हेच ६.९ मिलिसेकंद होतात. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्याला हा फरक पहिल्या दिवशी जाणवतो, कारण कोपऱ्यावरून डोकावणारा प्रतिस्पर्धी त्याला लवकर दिसतो. या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे नेटची वायर चांगली असेल तर लालबागच्या पोराला नेटवर जाणारा वेळ फार कमी असतो. त्याच्या बाबतीत खरी अडचण पडदा आणि प्रोसेसर यांचीच राहते. उलट ‘जीटीए ५’, ‘सायबरपंक’ किंवा गोष्ट सांगणारे मोठे खेळ खेळणाऱ्याला सेकंदाला ६० ते ७५ चित्रं पुरतात. त्याला कार्डात जास्त मेमरी हवी असते. दोघांचं बजेट सारखं असलं तरी दोघांचे कॉम्प्युटर सारखे असता कामा नयेत. पहिल्यानं मॉनिटर आणि प्रोसेसरवर दोन पैसे जास्त घालावेत, दुसऱ्यानं कार्डावर.

मॉनिटर सोडून साठ हजार हातात आहेत असं धरू. त्यातले २२ ते २५ हजार कार्डासाठी बाजूला काढावेत. खेळाच्या कॉम्प्युटरमध्ये एवढा मोठा वाटा दुसऱ्या कुठल्याही भागाला द्यायचं कारण नाही, आणि दुकानातल्या कोटेशनमध्ये नेमका हाच वाटा आक्रसलेला असतो. त्याची जागा रंगीत दिव्यांचे पंखे, काचेचं कॅबिनेट आणि लिक्विड कूलर यांनी घेतलेली असते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० (जून २०२३) आणि त्यानंतरचं ५०६०, एएमडीचं आरएक्स ६६०० (ऑक्टोबर २०२१) आणि नंतरचं आरएक्स ९०६० एक्सटी, इंटेलचं आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) ही १०८० पीच्या पडद्याची कार्डं. यांतलं कोणतं घ्यायचं ते त्या आठवड्यातल्या भावावर ठरवावं. ६६०० जुनं झालं तरी १३२ वॉटमध्ये काम करतं आणि ऑनलाइन स्पर्धेच्या खेळांना आजही पुरून उरतं. बी५८० वर १२ जीबी मेमरी आहे, पण मदरबोर्डात रिसायझेबल बार ही सोय चालू असेल आणि प्रोसेसर फार जुना नसेल, तरच ते खरी ताकद दाखवतं. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवायला ते घेऊ नये.

कार्डांच्या नावांत खाचखळगे आहेत, आणि कमी बजेटचा माणूस त्यांतच अडखळतो. आरटीएक्स ३०५० या एकाच नावानं ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन कार्डं विकली जातात. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात मेमरी तर कमी आहेच, गणित करणारे कोअरही २५६० ऐवजी २३०४ आहेत आणि मेमरीकडे जाणारी वाट अरुंद आहे. आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डशी फक्त चार मार्गिकांनी बोलतं. जुन्या, पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या बोर्डात ते बसवलं की त्याचा वेग चांगलाच घसरतो. आरएक्स ५८० नावानं ‘नवीन’ मिळणारी स्वस्त कार्डं कित्येकदा २०४८ एसपी या वेगळ्या, कमी ताकदीच्या प्रकारची असतात. मूळ ५८० मध्ये २३०४ युनिट होती. म्हणून कार्डाचं पूर्ण नाव, मेमरी आणि मॉडेल क्रमांक कोटेशनवर लिहून घ्यावा. ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ते कोटेशन परत करावं.

वापरलेलं कार्ड घेऊ का, असं मला नेहमी विचारलं जातं. २०२०-२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी जगभर कार्डं उचलली गेली आणि छापील किमतीला एकही मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस चाललेली कार्डं जुन्या बाजारात आली. खाणकामात वापरलेलं म्हणून कार्ड खराबच असेल असं नाही. पंख्याचं बेअरिंग आणि मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे पॅड मात्र झिजलेले असतात. घ्यायचंच तर विक्रेत्याच्या कॉम्प्युटरवर अर्धा तास मोठा खेळ चालवून बघा. जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम कार्डाची खरी ओळख दाखवतो, तोही चालवा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकण्याचा धंदा या बाजारात होत आला आहे. वॉरंटी उरलेली असेल आणि मूळ बिल मिळत असेल, तर वापरलेलं कार्ड हा चांगला सौदा आहे. बिल नसेल तर निम्म्या किमतीलाही मी ते घेणार नाही.

कार्ड ठरलं की त्याला साजेसा प्रोसेसर. खेळांना आज सहा कोअर पुरेसे होतात. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे, दोन्ही २०२२ चे, आणि कमी बजेटच्या यादीत अजूनही टिकून आहेत. नावाच्या शेवटी येणाऱ्या अक्षराकडे नीट बघा. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये ग्राफिकचा भागच नसतो, कार्डाशिवाय पडद्यावर काहीही दिसत नाही. रायझन ५ ५६०० चंही तसंच. ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक आहे. ‘व्हॅलोरंट’सारखा हलका खेळ तो कार्डाशिवाय चालवतो, त्यामुळे आधी कॉम्प्युटर आणि कार्ड सहा महिन्यांनी असा विचार असेल तर तो मोहात पाडतो. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि कार्डाशी तो जुन्या ३.० वेगानं बोलतो. पुढे चांगलं कार्ड लावलं तरी तो ५६०० इतकी चित्रं देत नाही. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर ही अडचण बरीच सुटली आहे. तिथल्या बहुतेक रायझन प्रोसेसरमध्ये पडदा चालवण्यापुरतं छोटं ग्राफिक असतं, फक्त ‘एफ’ची जात सोडून.

सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, प्रश्न इथे येतो, आणि कमी बजेटवाल्याला तो श्रीमंतापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे अर्धा कॉम्प्युटर उघडायचा, कधी रॅमही बदलायची. एएम४ सॉकेटचं उदाहरण बघा. २०१७ मध्ये बी३५० बोर्ड घेतलेल्या माणसाला, बायोस अद्ययावत करून, २०२२ मधला ५८००एक्स३डी प्रोसेसर त्याच बोर्डात बसवता आला. पाच वर्षं एका बोर्डावर निघाली. आता एएम४ आयुष्याच्या शेवटाकडे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला निदान २०२७ पर्यंत पाठिंबा देऊ, असं एएमडीनं जाहीर केलं आहे. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, तिथून पुढे रस्ता बंद. यावर माझं मत असं आहे: एकदा घेऊन चार-पाच वर्षं हात लावायचा नसेल तर एएम४ किंवा बारावी पिढी घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. दर दीड-दोन वर्षांनी थोडं थोडं बदलायची सवय असेल, तर आज थोडं पोट आवळून एएम५ घ्या.

आता त्या फसवणुकीबद्दल लिहितो, जिच्यामुळे मला सगळ्यात जास्त राग येतो. ‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्डसह गेमिंग पीसी, फक्त अठरा-वीस हजार’ अशा जाहिराती ऑनलाइन आणि गल्लीबोळांतल्या पाट्यांवर सर्रास दिसतात. आत असतो तिसऱ्या पिढीचा आय७-३७७०, २०१२ चा, एच६१ चिपच्या स्वस्त बोर्डावर बसवलेला, सोबत २०१४ चं जीटी ७३०. रंगीत पंखे नवे असतात, काच नवी असते, बाकी सगळं एका तपापेक्षा जुनं. ‘आय७’ ऐकून आईवडिलांना वाटतं, पोराला सगळ्यात वरचं घेऊन दिलं. खरं तर आय ३, ५, ७ हे आकडे एकाच पिढीतली उतरंड सांगतात. पिढी कोणती, हे पुढच्या अंकात असतं. २०२२ चा साधा आय३-१२१००एफ खेळांत त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं. ‘व्हॅलोरंट’ला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. ज्या खेळासाठी मुलानं हट्ट धरला, तोच खेळ त्या वीस हजारांच्या डब्यावर अडतो. वीसच हजार असतील तर चांगल्या स्थितीतला, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, ऑफिसमधून निघालेला कॉम्प्युटर बिलासह घ्यावा आणि कार्डासाठी पैसे साठवावेत. ऑफिसच्या अशा डब्यांत एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग, लहान आणि कित्येकदा वेगळ्या आकाराचा असतो, तेव्हा कार्ड निवडताना आधी तो पाहावा. ३०५० चं ते ६ जीबीचं, ७० वॉटचं कार्ड इथे मात्र कामाला येतं, कारण त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही.

रॅमच्या बाबतीत २०२५ च्या आधी लिहिलेले सगळे सल्ले आता जुने झाले आहेत. तेव्हा ‘१६ जीबी घ्या, पुढे वाढवा’ म्हणणं सोपं होतं. २०२५ च्या उत्तरार्धात सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळवले आणि घरगुती रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं क्रुशियल या नावानं चालणारा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे कोटेशनमध्ये रॅमचा आकडा पाहून दचकू नका, पण त्या आकड्यासाठी कार्डाचा बळीही देऊ नका. १६ जीबीच घ्या, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली की प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधली दोनपैकी एकच वाट वापरली जाते आणि खेळात चित्रं कमी पडतात. घरात जुनी डीडीआर४ पट्टी पडून असेल तर आता तिला मोल आहे. डीडीआर४ चालणारा बोर्ड निवडून तीच वापरा. डीडीआर५ च्या बोर्डात ती बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. एसएसडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एनव्हीएमई, जमल्यास १ टीबी. सगळ्यात वेगवान असण्याची गरज नाही.

एसएमपीएसवर मात्र थांबायला हवं. कोटेशनमध्ये पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कुऱ्हाड याच्यावर पडते, कारण एसएमपीएसमुळे खेळातलं एकही चित्र वाढत नाही. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा ४५० वॉटचा एसएमपीएस उलटा करून त्याचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे फक्त २१६ वॉट खऱ्या कामाला उपलब्ध आहेत. उरलेले वॉट कागदावरचे. ५६०० आणि ४०६० असलेला कॉम्प्युटर खेळताना २५० वॉटच्या आसपास घेतो, म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा, ५५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा होतो. पुढे कार्ड बदललं तरी तो टिकतो. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, संरक्षणाबद्दल तो काही सांगत नाही. एकाच कंपनीचे काही एसएमपीएस उत्तम आणि काही सुमार असतात. म्हणून कंपनीच्या नावावर विसंबू नका, मॉडेलची परीक्षणं वाचा. वॉरंटी किती वर्षांची आहे, ही त्यातल्या त्यात खरी खूण. पाच वर्षांची असेल तर बनवणाऱ्याला आपल्या मालाची खात्री आहे. बिघडलेला एसएमपीएस जाताना कार्ड आणि बोर्डही सोबत नेऊ शकतो, त्यामुळे इथे वाचवलेले दोन हजार म्हणजे पंचवीस हजारांच्या कार्डावर लावलेली पैज असते.

आपल्या जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, ही तक्रार चाळींत नेहमी ऐकू येते. दोष बहुधा कॉम्प्युटरमध्ये नसतो. भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी, अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडण्यासाठीच बनवलेला असतो. जायला वाट नसली की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर थांबतो. कॉम्प्युटर घरी आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. बजेटमध्ये हा खर्च धरलेला असावा. मी तर तो कार्डाच्याही आधी धरतो, कारण त्या टेबलाखाली घरातलं लहान मूलही खेळत असतं.

खोलीचा विचारही आकड्यांत करता येतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. कॉम्प्युटर ओढतो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॉट उष्णता बाहेर फेकतो. ३५० वॉटचा कॉम्प्युटर म्हणजे त्या एसीच्या ताकदीचा दहावा हिस्सा, आणि एसी नसेल तर ती धग घरातल्या माणसांनाच सोसावी लागते. परीक्षणांतली तापमानं बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये आपल्या खोलीत ३२-३३ अंश असतात, तेव्हा त्या आकड्यांत सरळ आठ-दहा अंश मिळवावेत. म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको, आणि जाळीमागे धूळ अडवणारी, धुता येणारी गाळणी असावी. गिरगाव ते परळ जिकडेतिकडे पुनर्विकासाची बांधकामं चालू आहेत. ती सिमेंटची धूळ पावसाळ्यातल्या दमटपणात पंख्यांवर चिकटून बसते. महिन्यातून एकदा गाळणी धुवावी, आणि कॅबिनेट जमिनीवर न ठेवता वीतभर उंचावर ठेवावं. पावसात तुंबणाऱ्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको.

विजेचंही बघून टाकू. मॉनिटरसह २७५ वॉट, रोज तीन तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट. बेस्टच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटवर दराचे टप्पे बदलतात. तुमचं बिल २९० युनिटच्या आसपास येत असेल तर या पंचवीसपैकी पंधरा युनिटना वरच्या टप्प्याचा दर लागेल. कमी वॉटचं कार्ड निवडायला हे आणखी एक कारण.

आता बाजार. कागद तयार करून एकाच दिवशी तीन-चार दुकानांतून कोटेशन घ्यावं, प्रत्येक भागाचा भाव वेगळा लिहून. एका दुकानात प्रोसेसर स्वस्त असेल, दुसऱ्यात कार्ड. पण सगळे भाग एकाच ठिकाणी घेतले तर बहुतेक दुकानदार जोडणी आणि चाचणी करून देतात आणि काही बिघडलं तर एकालाच धरता येतं. पाचशे-हजार रुपयांसाठी हे सोडू नये. ऑनलाइन भाव सोबत ठेवा, इथे घासाघीस चालते. मग येतो ‘बिल पाहिजे का?’ हा प्रश्न. कॉम्प्युटरच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. साठ हजारांच्या खरेदीत मूळ किंमत ५० हजार ८४७ आणि कर ९ हजार १५३ रुपये. विनाबिल माल घेण्याचा मोह इथून येतो, आणि तो टाळलाच पाहिजे. आपल्याकडे वॉरंटीचा माल अधिकृत वितरकामार्फत येतो. मुंबईतच १९८९ मध्ये सुरू झालेली राशी पेरिफेरल्स ही अशांपैकी एक मोठी कंपनी. सर्व्हिस सेंटरवर अनुक्रमांक आणि बिल दोन्ही मागितलं जातं. दुसऱ्या मार्गानं देशात आलेल्या मालाला इथली वॉरंटी मिळेलच असं नाही. प्रोसेसर आणि कार्डावर बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. नऊ हजारांत तीन वर्षांचा निर्धास्तपणा मिळतो, आणि कर बुडवण्यात आपला वाटाही राहत नाही. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि खोके पोटमाळ्यावर जपून ठेवा. वॉरंटी नाकारली गेली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पण तिथेही पहिली मागणी बिलाचीच असते.

पैसे एकदम जमत नसतील तर टप्प्यांत घ्यायला अजिबात हरकत नाही. फक्त टप्पे नीट पाडा. आधी मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, चांगला एसएमपीएस आणि कॅबिनेट. मॉनिटर म्हणून सहा महिने घरचा टीव्ही चालेल. कार्ड शेवटी, कारण उशिरा घेतलेलं कार्ड त्याच पैशांत बहुधा जास्त ताकदीचं मिळतं. अशा वेळी प्रोसेसर ग्राफिकवालाच घ्यावा लागेल, हे वर सांगितलंच आहे. जो एसएमपीएस पुढे बदलावा लागेल असा आज घेणं, किंवा ज्याला पुढे वाट नाही असा बोर्ड घेणं, म्हणजे तेच पैसे दोनदा देणं. आणि गणपतीचे दिवस सोडून जा. लालबाग-परळच्या गर्दीतून मॉनिटरचं खोकं घरी नेणं जिकिरीचं असतं. टॅक्सीनं नेताना जड कार्ड बोर्डातून काढून त्याच्या खोक्यात ठेवायला सांगा. खड्ड्यांतल्या धक्क्यांनी त्याचा स्लॉट तुटू शकतो.

पैसे देण्याआधी, काउंटरवरच, चालू कॉम्प्युटरवर तीन गोष्टी दाखवायला सांगा. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक कार्डाला लावलेली आहे. बायोसमध्ये रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २६६६ वरच धावत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून १४४ किंवा मॉनिटरच्या कमाल आकड्यावर नेलेला आहे. या तिन्ही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही, आणि यातली एक जरी राहिली तरी पैसे मोजून घेतलेली ताकद वापरातच येत नाही.